पाच वाजताची सोबत

१९९५ साली दिलसुखनगरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी टायपिस्ट होते. अकरा वर्षं झाली होती. मग पुण्याहून वंदना कॉम्प्युटर शिकवायला आली आणि तीन महिन्यांत एसीच्या खोलीत बसली. पोरंपोरी तिच्याभोवती घोळका करायची. माझ्या मशीनची खडखड नको म्हणून मालकांनी माझं टेबल जिन्याजवळ हलवलं.

एका मंगळवारी कपाटातून परीक्षेच्या पेपरची फ्लॉपी गेली. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, साडेपाचला वंदना कपाटापाशी होती. मी तिला पाहिलंच नव्हतं. ती पाचला निघून गेली होती आणि मी एकटीच टाइप करत बसले होते. तरी जबाबावर सही केली.

वंदनाला दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. कोऱ्या कागदावर सही कर आणि घरी जा, असं सांगत होते. तिने केली नाही. तिचे वकील हिम्मतराव आमच्या अंबरपेठेतलेच. मी नसताना काही बोलू नका, त्या दिवशी कुठे होतात, कुणी पाहिलं, ते तासातासाने लिहून काढा, असं त्यांनी तिला बजावलं होतं. तो कागद घेऊन ते माझ्याकडे आले.

‘पाचला मंगलाताईंबरोबर निघाले. अफझलगंजच्या लायब्ररीबाहेर दोघींनी पेरू खाल्ले.’

मंगलाताई म्हणजे मी. धडधडीत खोटं आहे, मी म्हणाले. ते दाखवून द्यायला दुसऱ्या दिवशी अफझलगंजला गेले.

पेरूवाली मला पाहून ओळखीचं हसली. “हौ, तुमीच थे ना अम्मा. नमक जास्ती डालो बोले.”

लायब्ररीच्या वहीत वंदनाच्या खाली माझं नाव होतं. सहीतल्या ‘ल’ची शेपटी मी उगाच लांब ओढते. तशीच ओढलेली.

मंगळवारी मी साडेसहाला घरी आले होते, डोकं ठणकत होतं, न जेवता झोपले होते. तरी यजमानांना विचारलं.

“आठला आलीस,” एकनाथराव म्हणाले. “किती दिवसांनी तुला गुणगुणताना ऐकलं.”

मला भीती वाटायला हवी होती. पण मी जळत होते, त्या पेरू खाणाऱ्या बाईवर. वंदना माझ्याजवळ कधी घटकाभर बसली नव्हती.

सकाळी दहाला जबाब मागे घ्यायला ठाण्यात गेले. हवालदार वैतागला. तासाभरापूर्वीच मी येऊन जबाब बदलून गेले होते म्हणे. त्याने कागद दाखवला. सही होती.

वंदना सुटली. सोमवारी ती कामावर आली.

पाच वाजता तिने पर्स घेतली. मला माफी मागायची होती. ती माझ्या टेबलापाशी थांबली नाही. दारात वळली आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत म्हणाली, “चला ना, ताई.”

मी उठले नाही.

बोटं कळांवर तशीच होती. जिन्यावरून दोघींच्या चपला वाजत खाली गेल्या.