निकालाच्या आधीचा फॉर्म

मार्तंड सर फळ्यापुढं उभे राहिले की तीनशे पोरं श्वासबी विचारून घ्यायची. पण तीस सप्टेंबरला सरांनी सुई बघितली अन् धाडकन आडवे! आवाज रेणापूरला ऐकू गेला म्हणत्यात, अन् रेणापूरची माणसं खोटं बोलत न्हाईत.

भूकंपाला दहा वर्षं झालती, म्हणून क्लासच्या अंगणात रक्तदान ठेवलं होतं. ब्लड बँकेच्या शिवकांतानं पडत्या सरांचं डोकं झेललं... पण ट्रे कलंडला, अन् एक वापरलेली सुई तिच्या अंगठ्यात रुतली.

आठवड्यानं कळलं. त्या दिवशीच्या साठ पिशव्यांतली एक एचआयव्हीची निघाली. सुई कुणाची, कुणाला ठाऊक?

तवापासून सर रोज ब्लड बँकेच्या दारात. हातात सीताफळं.

"माफी मागाया येऊन राहिलात व्हय?"

"पयल्या दिवशी माफीच होती..."

"अन् आता?"

"आता — सीताफळं संपंनात."

ती हसली. लगेच अंगठा मुठीत दाबला.

तीन आठवड्यांनी शिवकांताच्या रक्ताचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह! ब्लड बँकेतली आया गुरम्मामावशी पेढे घेऊन धावली.

"ठिवा ते मावशी. इतक्या लवकर रक्तात दिसतच न्हाई. तीन महिने झाल्यावर तपासू, तवाच खरं."

"मग ही टेस्ट कशापायी गं?"

"सराव परीक्षा हाय मावशी," सर म्हणाले. "तिच्यावर कुणी हार घालत न्हाई."

शिवकांताची आई ब्लड बँकेत येऊन म्हणाली, सोड ही नोकरी. शिवकांताची मान ताठ झाली. "भूकंपात बारा वर्षांची होते. ढिगाऱ्यातून काढलं तवा कुण्या परक्याचं रक्त चढवलं मला. त्याच्यावरच चालून राहिले न्हवं? सोडणार न्हाई."

दारातल्या सरांच्या हातातलं सीताफळ खाली पडलं. बघतच राहिले बापडे!

डिसेंबर सरता सरता दुसऱ्या रिपोर्टाचा लिफाफा आला. ती फाडाया लागली, तवा सर पुढं धावले.

"थांबा! उघडू नका."

"का वो सर?"

"लातुरात क्लासचा फॉर्म निकालाच्या आधी भरावा लागतो. निकाल लागल्यावर हार घेऊन समदेच येत्यात... मला आधी विचारायचंय. लग्न करता माझ्यासंगं?"

"अन् आत वाईट असलं तर?"

"तर गोळ्यांची वेळ मी सांभाळीन. टाईमटेबलात आपल्याला कोण हरवतंय?"

तिचे डोळे भरले, पण मान खाली गेली न्हाई.

"हाव. पण एक अट. पुढल्या तीस सप्टेंबरला रक्त द्यायचं. डोळे उघडे ठिवून."

"देतो!"

तिनं लिफाफा फाडला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"निगेटिव्ह..."

सर धाडकन आडवे!

या खेपेला जवळ ट्रे न्हवता. शिवकांतानं डोकं झेललं, मांडीवर घेतलं, अन् त्याच रिपोर्टानं वारा घालत हाक मारली —

"मावशी, आता आणा पेढे!"