चांदीची धूळ

आरेच्या रस्त्यात आमची बस बंद पडली. सगळे खाली उतरलो, आणि शेजारी उभ्या मुलाच्या हातातलं खोकं फाटून मोज्यांचा ढीग माझ्या पायांशी सांडला.

"सॉरी हं... कोरे आहेत," तो घाईघाईने वेचत म्हणाला. "आणि वास कधीच येणार नाही. चांदीचे नॅनोकण आहेत त्यात. जंतूच मरतात."

मला हसू आलं. "तेच कण मी उंदरांना देते. पीएचडी चाललीय माझी."

"मग? उंदरांच्या पायांना वास येत नाही?"

काय खट्याळ डोळे होते... मीच अडखळले. "नर उंदरांचे... शुक्राणू कमी होतात. मात्रा जास्त झाली तर."

त्याचं हसू विरलं. "हे कण मोज्यांवर फवारतात, त्या खोलीत मी उभा असतो. रोज."

"मास्क लावतोस ना?" पहिल्याच भेटीत मी त्याला अरे-तुरे करून मोकळी!

तो देवेश. विक्रोळीच्या एका छोट्या मोज्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. दुसरी बस येईपर्यंत आम्ही नंबर दिले-घेतले. काही दिवसांनी त्याचा फोटो आला – तोंडावर जाड मास्क, मागे नवाकोरा एक्झॉस्ट फॅन. 'मालकाशी भांडलो. आता सगळ्यांना मास्क. चहाला येतेस, अबोली?'

गेले. मग जातच राहिले. कणीस अर्धं करताना तो मोठा तुकडा माझ्याकडे सरकवायचा आणि भलतीकडेच बघायचा.

आणि एकदम भेटेनासाच झाला. मेसेजला नुसता अंगठा. शेवटी मीच कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिले.

"तपासणी केली मी," तो नजर चुकवत म्हणाला. "शुक्राणूंचा काउंट खूपच कमी आलाय. डॉक्टर म्हणतात सुधारेल कदाचित... कदाचित नाहीही. चांदीमुळेच ना गं?"

"उंदरांचं सांगू शकते रे. माणसांचं अजून कुणालाच नीट माहीत नाही." "म्हणून गायब झालास?"

"तुला मुलं किती आवडतात, पाहिलंय मी."

"तू पण आवडतोस, ते नाही पाहिलंस? मला न विचारता माझं उत्तर ठरवून टाकलंस!"

"प्रश्न तरी कुठे विचारलाय मी..."

"मग विचार ना!"

वॉचमन शिवदासकाका स्टुलावर सावरून बसले. देवेशचे कान लाल झाले होते.

"लग्न करशील माझ्याशी? मुलं झाली तरी... नाही झाली तरी?"

"करेन. उपचार करू, दत्तक घेऊ, दोघंच राहू – बघू काय ते. पण परत गायब झालास तर वाट लावीन तुझी."

तो हसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. मी तिथूनच घरी फोन लावला.

"आई, आज एक पान जास्त वाढ."

"कोण येतंय गं?"

मी देवेशकडे पाहिलं. तो घाईघाईने कॉलर नीट करत होता... जणू आईला फोनमधून दिसणारच होतं!