नारिंगी कोटाचा खिसा

काम साधं होतं. थंडीआधी एका रिकाम्या घराचे नळ मोकळे करायचे. आमच्या मिनेसोटात हे केलं नाही, तर पाणी गोठून नळ फुटतात आणि वसंतात घराचं तळं होतं. तळी काय आमच्याकडे कमी आहेत!

घर लेरॉय केटुनेनचं. म्हणजे त्याचं होणार होतं. मालकाचा कारभारी म्हणून त्याच्याशी करार मीच केला होता. पंधरा वर्षं भाडं भरत राहायचं, मग घर तुमचं. छप्पर, विहीर, जे मोडेल ते पदरमोड करून दुरुस्त करायचं. हप्ते थकले तर साठ दिवसांची नोटीस, आणि साठाव्या दिवशी पाचच्या आत पैसे आले नाहीत तर भरलेलं आणि केलेलं सगळं मालकाचं. लेरॉयने नऊ वर्षं नेमाने भरले. मग लाकूड कापायच्या गिरणीत त्याचा हात सापडला आणि हप्ते थकले.

साठावा दिवस शुक्रवारी आला. दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडणार होता, आणि त्या शुक्रवारी आमच्याकडे कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. पेट्रोल पंपावर मी शिकारीचा भडक नारिंगी कोट घालून उभा होतो. लेरॉयने माझ्या हातात एक बंद पाकीट दिलं.

"सगळे आहेत, आर्लन. मोजून घे."

"तुझे पैसे मोजू? जा रे!"

पाकीट खिशात घातलं आणि मी थेट जंगल गाठलं.

आठवलं ते सोमवारी. तोवर मालकाने घर ताब्यात घेतल्याचे कागद करून माझी पाठही थोपटली होती. मी गप्प बसलो. ते पाकीट कोटाच्या खिशातच राहिलं; मी ते उघडलं नाही, पैसे खर्चले नाहीत आणि परतही दिले नाहीत. लाज वाटत होती, आणि दिवस जातील तशी ती वाढतच गेली. लेरॉय बायकोला, आयडेलाला, परोपरीने सांगत राहिला, पैसे आर्लनला दिले म्हणून. आयडेलाने मला फोन करून विचारलं. मी नाही म्हणालो. तिला वाटलं, नवऱ्याने पैसे दारूत उडवले. ती बहिणीकडे निघून गेली. तो गोठलेल्या तळ्यावर मासेमारीच्या खोपटीत राहू लागला आणि जानेवारीत, रॉकेलच्या शेगडीचा धूर कोंडून, तिथेच गेला.

त्या वर्षी नळांच्या कामाला मी दुसऱ्याला पाठवलं होतं. पुढचा उन्हाळाभर मालकाने ते घर सुट्टीवाल्यांना दिलं. नोव्हेंबरात पुन्हा नळांची वेळ आली, तेव्हा नेमका तो गडी आजारी पडला. मीच गेलो. चार वाजले होते, बाहेरचा उजेड मरत आला होता आणि घरातली वीज तोडलेली होती. दाराशी बूट काढायच्या जागी एक जोड होता. त्याच्याखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. सुट्टीवाल्यांचे राहिले असतील, असं मी मनाला समजावलं.

तळघरात उतरून मुख्य नळ बंद केला, खालची तोटी सोडली. बादलीत पाणी पडू लागलं. कुठूनतरी रॉकेलचा वास येत होता. मग माझ्या डोक्यावर, स्वयंपाकघरात, खुर्ची सरकली.

"आर्लन... कॉफी घेणार?"

आवाज ओळखायला मला क्षणही लागला नाही. आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "नको रे, उगाच कशाला त्रास."

आमच्याकडे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो म्हणायचं, असा रिवाज आहे.

"घे की... गरम आहे."

"नको."

बादलीत पाणी पडायचं थांबलं.

"ते पाकीट... मी तुलाच दिलं होतं ना रे? आयडेला विचारते."

हो म्हणायला माझं काय जात होतं? पण मेलेल्या माणसासमोरही माझी जीभ रेटली नाही.

"नाही, लेरॉय."

"पंपावर... तू नारिंगी कोट घातला होतास..."

"नाही."

जिन्याच्या वरच्या पायरीवर कुणीतरी हळूच श्वास सोडला.

"मग... माझंच चुकलं असेल. तिला तसं सांगतो."

तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत असतो. वर आलो तेव्हा टेबलावर एक कप होता आणि त्यातून वाफ निघत होती. दाराशी बूट नव्हते.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तोच कोट चढवला, खिशातलं पाकीट चाचपून पाहिलं आणि आयडेलाच्या बहिणीचं घर गाठलं. आयडेलाने दार उघडलं. वर्षभरात तिचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता.

"ये, आर्लन. कॉफी घेणार?"

मी पहिल्याच वेळी हो म्हणालो. तिने चमकून पाहिलं.

"आयडेला, ते पैसे लेरॉयने मला दिले होते. त्याच शुक्रवारी."

ती हसली आणि तिने डोळे पुसले. "तू पण ना! काल संध्याकाळी फोन वाजला. त्याचाच आवाज होता. म्हणाला, माझंच चुकलं, आर्लनला मी काही दिलं नव्हतं, त्याने स्वतः सांगितलं मला. वेडी म्हण हवं तर. पण मला त्याच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं रे. माफ करून टाकलं त्याला. काल किती दिवसांनी शांत झोपले."

"अगं, खरंच दिले होते! हे बघ..."

मी खिशात हात घातला. पाकीट नव्हतं. बोटं बर्फासारख्या गार पाण्यात बुडाली.

आयडेलाने माझा ओला हात हातात घेतला. "किती चांगला आहेस रे तू. मेलेल्या माणसाला बोल लागू नये म्हणून स्वतःवर घेतोस."

याला सहा वर्षं झाली. गावात ज्याला त्याला मी सांगून पाहिलं. लोक माझ्या पाठीवर हात ठेवतात आणि विषय बदलतात. तो कोट समोर शेगडीपाशी खुंटीला टांगलेला आहे. त्याचा उजवा खिसा अजून सुकलेला नाही. हवं तर हात घालून बघा.