काखेतली सळई

कडाक्याच्या थंडीत घोड्याच्या तोंडात गार लगाम घालू नये. लोखंडाला जीभ चिकटते, ओढली की साल निघते. माझा नवरा तोर्लाइव्ह रोज सकाळी लगामाची सळई स्वेटरखाली काखेत धरून कॉफी प्यायचा. "मला कधी इतका वेळ जवळ धरलं नाहीस," मी चिडवायचे. "तू कुठे लाकडं ओढतेस?" तो म्हणायचा.

गेल्या हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ जोखत तो पुढे चालला होता. आमची घोडी स्वार्ता तेवढी परत आली. तो अजून तळ्यातच आहे.

यंदा पहिला कडाका पडला, त्या सकाळी मी तबेल्यात खुंटीवरचा लगाम काढला. सळई कोमट लागली. बादलीतलं पाणी गोठलं होतं. वाटलं, स्वार्तानं तोंड लावलं असेल; पण ती बांधलेली, आणि खुंटी लांब.

दुसऱ्या दिवशीही कोमट. मग रोजच. खरं सांगते, मी घाबरले नाही. सळई गालाला लावून उभी राहायचे, गार होईपर्यंत. त्याची फार आठवण यायची.

मग एक दिवस त्याचा चुलतभाऊ अस्लाक तबेल्यात आला.

"वहिनी, पुरे झालं आता. उद्या स्वार्ताला मी नेतो. तुम्ही लेकीकडे जा."

"आणि बर्फावर घसरली म्हणजे?"

"नालांना खिळे बसवीन. खुरांत बर्फाचे गोळे धरू नयेत म्हणून चरबी चोपडीन. आज पहिल्यांदा घोडी पाहतोय का मी?"

"लगाम गरम करशील?"

"बायकोला ऊब द्यायला वेळ नाही, म्हणे लगाम!" हसत त्यानं खुंटीकडे हात नेला. सळईला बोटं लागली आणि हसू थांबलं. "तुम्ही आत्ता धरली होती?"

"नाही."

हातातली कॉफी तशीच टाकून तो निघाला. दारातून म्हणाला, "रस्त्यानं नेईन तिला. तळ्यावरून नाही."

संध्याकाळी मी खुंटीपाशी रडले. "उद्या तिला नेणार," मी मोठ्यानं म्हटलं. "मी पण जाणार. आता कुणासाठी गरम करशील?"

सकाळी माझे बूट चुलीपाशी नव्हते. लाकडी चपला घालूनच तबेल्यात गेले. दारातल्या ताज्या बर्फावर एकही पाऊल नव्हतं.

स्वार्ता लगाम घालून तयार उभी होती.

खुरांना चरबी चोपडलेली. नालांना नवे खिळे. वर्षभर ज्या तळ्याकडे तिनं मान वळवली नाही, तिकडेच तोंड.

तिच्या शेजारी माझे बूट होते. तळव्यांना बर्फावर चालायचे काटे बांधलेले.

रस्त्याच्या वळणावर अस्लाकच्या स्लेजची घंटा ऐकू आली.

मी एका बुटात पाय घातला. बूट आतून ऊबदार होता.