केनीची हनुवटी

डोरीनबाईंच्या बेसमेंटला एकच खिडकी होती आणि तिच्यातून शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे फक्त पाय दिसायचे. ओजसची तक्रार नव्हती. चेहरा कधी पाहिलाच नसल्यामुळे त्या कुत्र्याशी त्याचे संबंध उत्तम होते.

मिरजेहून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला येऊन त्याचं दुसरं वर्ष चालू होतं. दिवसा कॉलेज, संध्याकाळी ग्रोसरीच्या दुकानात केळी रचणं, आणि रविवारी वर जाऊन डोरीनबाईंचं फेसबुक. बाईंना मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनवर विश्वास नव्हता, म्हणून वाचायचं आणि टाइप करायचं काम ओजसकडे. बदल्यात वॉशिंग मशीन फुकट आणि बाईंनी भाजलेला एक स्कोन, जो चहात बुडवला तरी आपली मतं बदलत नसे.

बाई मूळच्या इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या. बारा वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर बोटीने इथे आल्या. धाकटा भाऊ केनी, वय नऊ, त्याला डांग्या खोकला झालेला. म्हणून त्याला मावशीकडे ठेवलं. पुढच्या बोटीने येणार होता. मग पुष्कळ बोटी आल्या. मावशीने घर बदललं, पत्रं परत येऊ लागली, आणि आईवडिलांनी केनीचं नाव काढणंच बंद केलं. फोटो एकही नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षी बाईंना आता एवढंच हवं होतं, की आपल्याशिवाय जगात आणखी कुणाला तरी केनी आठवावा.

त्यासाठी तो फेसबुक ग्रुप. ‘आपल्या वेळचं ब्रॅडफर्ड’. तिथे जगभर पांगलेले म्हातारे ट्रामचे नंबर, गिरण्यांची धुराडी आणि कुठल्याशा खाटकाच्या दुकानातली सॉसेजेस आठवत बसत. खाटकाचं नाव काय, यावरून दोघांनी एकमेकांना ब्लॉक केलं होतं. केनी मात्र कुणालाच आठवत नव्हता. दर रविवारी ओजस तोच प्रश्न टाकायचा आणि दर रविवारी खाली काहीच यायचं नाही. बाई स्क्रीनकडे बघत राहायच्या, स्कोन आणखी घट्ट व्हायचा.

२०१७च्या उन्हाळ्यात एका रविवारी ओजसला सुचलं. त्याने बस स्टॉपवर उभ्या उभ्या वॉल्टर पिकल्स नावाचा एक म्हातारा तयार केला. डीपीला चहाचा कप. वॉल्टरने लिहिलं, केनी माझ्या वर्गात होता, पाटीवरच्या पेन्सिली खायचा.

पेन्सिली ओजस खायचा. खोटं बोलताना आपलंच काहीतरी वापरावं, म्हणजे नंतर विसरत नाही, असा त्याचा साधा हिशेब. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आई ती गोष्ट सांगायची.

त्याने वॉल्टरची पोस्ट वाचून दाखवली. बाईंनी चष्मा काढला.

“हो,” त्या म्हणाल्या. “खायचाच.”

ओजसने खाली येऊन मिरजेला फोन लावला. देवयानी, त्याची थोरली बहीण, पोट धरून हसली आणि मग म्हणाली, “लाज वाटते का रे ओज्या? म्हातारीला फसवतोस.” डिसेंबरात तिचं लग्न होतं. ओजसने तिकीट काढून ठेवलं होतं. कानपिळीला नवऱ्यामुलाचा कान असा पिळणार होता की त्याला संसारभर एकाच कानाने ऐकू येईल. एकुलता एक भाऊ, मान त्याचाच.

पुढच्या रविवारी ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंना केनी आठवला. माझ्या पेन्सिली चोरून खायचा, त्यांनी लिहिलं. ओजस खूश झाला. एकाला आठवलं की बाकीच्यांना आठवतंच. लग्नाच्या पंगतीत एकाने मठ्ठा मागितला की सगळ्यांना हवा असतो, त्यातलं हे.

त्या आठवड्यात फोनवर बोलताना पेन्सिलींचा विषय निघाला. आई म्हणाली, “पेन्सिली? तू? नाही रे बाबा. शेजारचा कोणी खात असेल.”

“आई, तू अख्ख्या गावाला सांगायचीस.”

“मी?” आई म्हणाली, आणि भाजीकडे वळली.

वय होतंय तिचं, ओजसने मनाशी म्हटलं, आणि वॉल्टरला दुसरी आठवण दिली. केनी पायरीवर पडला आणि हनुवटीला टाके पडले. ही खूण ओजसला होती, पेरूच्या झाडावरून तुळशीच्या कट्ट्यावर पडल्याची, हनुवटीच्या उजव्या बाजूला. मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःला बघत टाइप केल्यामुळे त्याने डावी लिहिली. केनीचीच तर हनुवटी, म्हणून दुरुस्त केली नाही.

सकाळी दाढी करताना रेझर रोज जिथे अडखळायचा तिथे तो सरळ खाली गेला. ओजसने बोटाने चाचपलं. वॉशरूमचा दिवाच मिणमिणता होता. कातडी गुळगुळीत होती. वयाबरोबर खुणा पुसट होतात, असं त्याने गुगलवर शोधलं आणि मिळालंही. गुगलवर काय, काहीही मिळतं.

सप्टेंबरात ग्रुपवर कुणीतरी शाळेचा वर्गफोटो टाकला. बाईंनी तो मोठा करायला लावला. मागच्या रांगेत एक पोरगा तोंड मिटून हसत होता. हनुवटीच्या डाव्या बाजूला पांढरी रेघ. ओजसने तो चेहरा पाहिलेला होता. मिरजेच्या घरी, टीव्हीच्या वर, स्वतःच्या तिसरीच्या वर्गाच्या फोटोत.

बाईंनी स्क्रीनवर अंगठा ठेवला आणि मग तो ओजसच्या हनुवटीकडे आणला, पण टेकवला नाही.

त्याच दिवशी त्याने वॉल्टर पिकल्स डिलीट केला.

आठवणी थांबल्या नाहीत. गिरणीचा भोंगा झाला की केनी पलंगाखाली शिरायचा, एकाने लिहिलं. नगरपालिकेच्या भोंग्याला ओजस शिरायचा; हे त्याने वॉल्टरला सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. दुधावरची साय बाजूला काढून भिंतीला चिकटवायचा, दुसऱ्याने लिहिलं. तिसऱ्याला एक गंमत आठवत होती: तो बहिणीला नावाने हाक मारत नसे, कसल्याशा विचित्र शब्दाने मारायचा. ताई.

ओजसने ते वाचताना शेवटचा शब्द गाळला. बाईंनी तो स्वतः उच्चारला. उच्चार बरोबर होता.

मग त्याने सगळं कबूल केलं. वॉल्टर मीच, पेन्सिली मी खायचो, पडलो मी, हे सगळं माझं लहानपण आहे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा ओतला.

“तुझी आई काय म्हणते?” त्यांनी विचारलं.

ओजसने स्कोन चहात बुडवला. आदल्याच दिवशी देवयानीने सांगितलं होतं की कानपिळीला मावसभावाला, वेदांतला, बोलावलंय. ओजसला वाटलं ती चिडवतेय. मी येतोय ना, तो म्हणाला. “हो का? या ना, जरूर या,” ती म्हणाली. देवयानीने त्याला आयुष्यात कधी अहोजाहो केलं नव्हतं.

उरली भाऊबीज. गेल्या वर्षी तिने मोबाइल पाटावर उभा करून त्याला ओवाळलं होतं आणि त्याच्या कपाळाऐवजी स्क्रीनला कुंकू लावलं होतं. भाऊबीज ती विसरणार नाही. शेजारच्या उल्काला भाऊ नव्हता; ती गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळायची, आणि लहानगा ओजस कठड्यावर बसून ओरडायचा, “उल्के, चंद्र ओवाळणी टाकत नाही गं.” उल्का रडायची. देवयानी त्याला धपाटा घालून हसायची. हे त्याने कुणाला दिलं नव्हतं. हे अजून त्याचं होतं.

भाऊबिजेला इथे सकाळ, तिथे तिन्हीसांजा. ओजसने आंघोळ करून झब्बा घातला, बेसमेंटच्या एकुलत्या खुर्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसला आणि व्हिडिओ कॉल लावला.

बराच वेळ वाजला.

देवयानी दिसली. हातात ताम्हन, निरांजन पेटलेलं, मागे गच्चीचा कठडा. तिने स्क्रीनकडे नीट पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहतात तसं.

“हां जी, कौन?”

“ताई, मी.”

“सॉरी, आपला नंबर चुकला असेल.”

“ताई, अगं ओजस.”

मागून आईचा आवाज आला, “कोण गं?”

“कुणीतरी परदेशातून. चुकून लागलाय.”

“मग ठेव. बिजेचा चंद्र आहे, लगेच मावळेल.”

तिने मोबाइल कठड्यावर ठेवला. कट करायचा राहिला. ओजसला आता फक्त आभाळ दिसत होतं, त्यात नखाएवढी कोर, आणि स्क्रीनच्या खालच्या कडेने निरांजनाची ज्योत सावकाश गोल फिरत होती.

कोणी ओरडलं नाही.

मग स्क्रीन काळी झाली.

वर फरशी करकरली. जिन्याचं दार उघडलं. स्कोनचा वास खाली आला.

“केनी,” डोरीनबाईंनी हाक मारली. “चहा गार होतोय.”

काळ्या स्क्रीनमध्ये ओजसला स्वतःचा चेहरा दिसत होता. त्याने हनुवटीला हात लावला. खूण परत आली होती.

डाव्या बाजूला.