शहाण्णव टक्के

बाजारातल्या त्याच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लोक त्याला साहेब म्हणत, पण ताईच्या घरात पाऊल टाकलं की चाळिशी ओलांडलेला तो माणूस पुन्हा बाळ्या व्हायचा. त्या दुपारी तीनच्या सुमारास त्याने चपला काढल्या न काढल्या तोच ताईने फर्मान सोडलं, "आधी तो कॉम्प्युटर बघ. पाणी नंतर."

ताई घरी बसून कोर्टाच्या कागदांची भाषांतरं करायची. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि शेजारच्या आरामखुर्चीत अण्णा, दोघांचे वडील. अण्णांची नजर जाऊन सहा वर्षं झाली होती. कान मात्र असे तिखट, की जिना कोण चढतंय ते पावलांवरून सांगायचे.

"इंटरनेटवर साधा एक शब्द शोधायला गेलं की त्याच्या आतला पंखा बोंबलायला लागतो," ताई म्हणाली. "माउस जागचा हलत नाही. शुक्रवारी काम द्यायचंय रे मला."

कुठला प्रोग्राम किती भार टाकतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर बाळ्याने उघडला. ब्राउझर बंद असताना प्रोसेसर दोन टक्के. ब्राउझर उघडल्याबरोबर आकडा सरसर चढला आणि शहाण्णववर ठाण मांडून बसला. सगळा भार अँटिव्हायरसचा. बाळ्याला हायसं वाटलं. असले रोगी त्याच्याकडे आठवड्याला तीन तरी यायचे.

"तुझा पहारेकरी जरा जास्तच इमानदार आहे," तो म्हणाला. "येईल ते पान हुंगत बसतो."

त्याने अँटिव्हायरस अद्ययावत केला. ब्राउझरला चिकटलेली दोन फालतू एक्स्टेन्शन काढून टाकली. आणखी एखादा अँटिव्हायरस आत भांडत नाही ना, तेही पाहिलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. शहाण्णव.

मग त्याने इंटरनेटची वायरच उपटून काढली आणि ब्राउझरमध्ये कोरं पान उघडलं. आता बाहेरून काही यायची सोयच नव्हती.

शहाण्णव.

"धापा टाकतोय तो," अण्णा अचानक म्हणाले. "पेलवत नसलेलं ओझं धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखा."

"पंख्यात धूळ साठली असेल, अण्णा."

"धुळीचा आवाज कळतो मला."

बाळ्याने अँटिव्हायरसच्या नोंदी उघडल्या. सगळ्या ओळी सारख्या. एकच फाइल, ब्राउझर उघडा असेल तोवर सेकंदाला एकदा. रोखली, रोखली, रोखली. पंधरा दिवस हेच चाललं होतं. फाइलच्या नावाच्या जागी काहीच नव्हतं. कुठून आली, तेही कोरं. फक्त आकार होता. पहिल्या दिवशी एखाद्या चिठ्ठीएवढा, परवा एका सिनेमाएवढा. आजचा आकडा ताईच्या सगळ्या डिस्कपेक्षा मोठा होता.

त्याने तो आकडा दोनदा मोजला. अख्ख्या पिंपात मावणार नाही एवढं पाणी तांब्यात दाखवत होतं ते यंत्र.

"नोंद बिघडलीय," तो स्वतःशीच म्हणाला.

"बाळ्या," अण्णा म्हणाले, "हात लावू नकोस त्याला."

"अण्णा, काम अडलंय माझं!" ताई वैतागली. "कर रे तू. मी चहा टाकते."

असल्या वेळी करायचा उपाय ठरलेला होता. शंभर जणांकडे त्याने तो केला होता. अपवादांची यादी उघडायची, ब्राउझरचा फोल्डर त्यात टाकायचा, म्हणजे अँटिव्हायरस तिकडे बघत नाही. त्याने फोल्डर टाकला. बटणावर बोट क्षणभर रेंगाळलं. आपण एवढे शिकलेसवरलेले, आणि म्हाताऱ्याच्या बोलण्याला बिचकतोय, असं वाटून त्याने ते दाबलं.

पंखा थांबला. मंदावला नाही, थांबला.

प्रोसेसर शून्य टक्के. चालू कॉम्प्युटरवर त्याने आजवर शून्य पाहिलं नव्हतं.

नोंदींत शेवटी एक ओळ वाढली. तीन एक्केचाळीस. सोडली.

अण्णांनी पाय जवळ ओढून घेतले. वाटेत बसलेला माणूस कुणाला तरी जायला जागा देतो, तसे. त्यांचं तोंड टेबलाकडून हळूहळू स्वयंपाकघराच्या दिशेला वळत गेलं.

बाळ्याने घाईघाईने अपवादांची यादी उघडली. यादी रिकामी होती.

त्याने अख्खा कॉम्प्युटर तपासायला लावला. एका क्षणात उत्तर आलं. धोका नाही.

त्याने भिंतीतला प्लग उपटला.

"आता त्याचा काय उपयोग?" अण्णा पुटपुटले.

आतून ताईचा आवाज आला. "अरे, असा पाठीशी येऊन काय उभा राहतोस? सरक, कपाट उघडू दे."

बाळ्या टेबलाशीच होता. अण्णांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"तिला हाक मार," ते कुजबुजले. "साधी. नेहमीसारखी."

"ताई," बाळ्या म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "जरा बाहेर ये ना."

ताई पदराला हात पुसत बाहेर आली. टेबलाशी उभ्या बाळ्याकडे तिने पाहिलं, मग मागे वळून स्वयंपाकघराकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडत गेला.

"आज तुम्ही दोघं माझ्याकडे चला," बाळ्या म्हणाला. अण्णांनी उत्तराआधीच पायांनी चपला चाचपायला सुरुवात केली होती.

तिघं बाहेर आली. जिन्यात लख्ख ऊन होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला होता. ताईने दार ओढून घेतलं. किल्ली दोनदा चुकली. तिसऱ्यांदा ती कुलपाला लागणार, तेवढ्यात दाराच्या पलीकडे आतली कडी सरकली. घरात कुणी झोपलेलं असलं की लावतात तशी, अगदी हलक्या हाताने.