दुधाची झारी

बिडी विझव, शफी. कापसाच्या गाड्या हायेत ह्या, तुह्या लग्नाचा मांडव नाई. एक ठिणगी पडली तर सकाळी धामणगावच्या बाजारात काय राख विकशीन? हां. आता घोंगडं घे अंगावर अन् बस गुमान.

झोप येऊन नाई राह्यली, गोष्ट सांगा म्हणता. सांगतो. पण मंधात कोनी दात काढायचे नाई. हे ऐकीव नाई बापा, माह्या सख्ख्या साडूवर बेतलेलं हाये. देवीदास त्याचं नाव, तिवश्याचा. जेवल्याबिगर तो बोलत नसे अन् जेवल्यावर घोरत पडे, म्हणजे खोटं बोलाले त्याले सवडच नाई.

देवीदास अमरावतीले भगवंतरावाच्या घरी कामाले होता. बाहेरचं सारं तोच पाहे. भगवंतराव म्हणजे संत्र्याच्या बागांचा धनी, दारात बग्गी, अंगात कोट. एकच गोष्ट कमी होती, नावाआधी सरकारनं दिलेलं 'रावसाहेब' नव्हतं. त्याच्यापायी झुरून राह्यला होता तो माणूस. एकदा सायबाच्या बंगल्यावर त्याले चहाले बोलावणं आलं. मडमेनं चांदीचा संच काढला. चहाची बुटकी किटली, कॉफीची उंच किटली, साखरेचं भांडं, दुधाची झारी, अन् खाली हे एवढं तबक. मडमेच्या आजीच्या वेळचा, म्हणे, साच्यातला नाई, हातानं ठोकून ठोकून घडवलेला. भगवंतरावाचा जीव तिथंच अडकला. सायेब माह्या घरी येईन तवा अशाच भांड्यात चहा पिईन, असं त्यानं मनात धरलं.

मंग काय! घरातली अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानदान, जुनी चांदी होती नव्हती ते सारी बांधली अन् देवीदासजवळ अकोल्याले धाडली, इनायतुल्ला मिस्तरीकडं. चांदी ठोकावी तर त्याच माणसानं. मिस्तरीनं आधीच सांगतलं, "देवीदासभाऊ, खरी चांदी लय नरम राह्यते, हातात दबते. जरासं तांबं पडल्याबिगर किटली उभी नाई राह्यत. अंग्रेज लोग भी ऐसाच करते." सारा पावसाळा तो ठोकत बसला. शेवटी निरोप आला, बाकी सारं तयार हाये, दुधाच्या झारीपुरती चांदी कमी पडून राह्यली.

आता हे नीट ऐका. भगवंतरावाले चांदी इकत आणाले काय धाड भरली होती? पण त्याच्या मनात दुसरंच. त्याची पहिली बायको मनकर्णा बाळंतपणात गेली होती. तिच्यामागं तिचं लेकरूही गेलं, दुधाबिगर. मंग सत्यवती त्याले दुसरेपणावर आली. मनकर्णेचा टाक देव्हाऱ्यात होता. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली उभी बाई, बाकी काई नाई. सत्यवती रोज त्या टाकाले आधी निवद दाखवे, मंग आपण जेवे. सवतीचा मान असते तो, ठेवाच लागते. पण सत्यवतीचं दोनदा पोट पडलं. भगवंतरावानं मनात धरलं, की हे पहिलीच करून राह्यली. अन् आता सत्यवतीले नववा लागला होता. त्यानं एक दिवस टाक उचलला, चिंधीत बांधला अन् दुसऱ्याच माणसाच्या हाती अकोल्याले धाडला. झारीही होते अन् घरातली पीडाही जाते, म्हणे. मेलेल्या बाईले मुशीत घातलं त्यानं! मले अजूनही राग येते.

सायेब यायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवशी देवीदास संच आणाले अकोल्याले निघाला, तर मागच्या दारात सत्यवती उभी. भिंतीले हात लावून.

"देवीदासभाऊ, टाक गाळला नसन तर तेवढा परत आणा."

"अन् गाळला असन तर, बाई?"

"तरी तिले घरी आणा. ज्या रूपात असन त्या रूपात. आज अहेव नवमी हाये भाऊ, तिची तिथी. तिच्या नावानं सवाष्ण जेऊ घालाची, तर साऱ्या घराले सायबाच्या चहाची पडली हाये. ते मले कधीच त्रास देत नव्हती. मी जेऊ घालत होती ना तिले. आता तिले घर नाई ठेवलं ह्यायनं. माहं लेकरू नाई वाचायचं, भाऊ."

"आणतो बाई. नवमी सरायच्या आत आणतो," देवीदास बोलून गेला.

अकोल्याले इनायतुल्लानं संच मांडून दाखवला. काय काम! किटलीत पाहून फेटा बांधून घ्या. पण झारी त्यानं वेगळ्या फडक्यात ठेवली होती.

"टाक?" देवीदासनं इचारलं.

मिस्तरीनं मान हलवली. "मी हात लावत नव्हतो, भाऊ. तुमच्या मालकाचा सक्त हुकूम आला. लेकिन इस में मैंने तांबा नहीं डाला. दुसरी चांदीही नाई मिळवली. जशी आली तशीच वळली. बाई कोनाचीही असो… ठोकताना मले चांगलं नाई वाटलं." असं म्हणून त्यानं झारी पेटीत ठेवली अन् हात धुतले.

देवीदास पेटी घेऊन सांजच्या गाडीत बसला. ते गाडी मूर्तिजापुरात जे उभी राह्यली, ते हालेच ना. बडनेऱ्याले उतरला तवा अमरावतीची गाडी निघून गेलती. टांगेवालेही आभाळ पाहून घरी पळालते. दुसरा कोनी असता तर फलाटावर पंचा हातरून झोपला असता. पण ह्यानं शब्द देऊन ठेवला होता. पेटी खांद्यावर घेतली अन् निघाला पायीच.

भादव्यातली वद्य नवमी. चंद्र मध्यरातीबिगर उगवत नाई. दोन्ही अंगाले ज्वारी, माणसाच्या वर गेलेली. पायाखाली चिखल. बेडकं असे वरडून राह्यले होते, की आपलाच आवाज आपल्याले ऐकू येऊ नये.

मंग बेडकं थांबले.

एकदम. सारेच.

अन् ज्वारीतून लेकराचं रडणं आलं. तान्ह्या लेकराचं. भूक लागून लागून आवाज बसते ना… तसं.

देवीदासले वाटलं, रखवालीच्या झोपडीत कोनी लेकुरवाळी असन. चालत राह्यला. रडणं संगंसंगं चाललं. तो थांबला. ते नाई थांबलं.

खांदा ओला झाला.

पाऊस नव्हता. ओलं… अन् गरम. मानेवरून छातीवर उतरलं. त्यानं बोट लावलं, वास घेतला.

दूध.

पेटी खाली ठेवली. उघडली. काडी ओढली. किटल्या कोरड्या. तबक कोरडं. झारी… झारी काठोकाठ भरलेली. वाफ निघून राह्यली होती तिच्यातून.

मागं काय पाहून राह्यला बे, शफी? बैल हाये तो. पुढं पाह्य.

देवीदासचं डोकं फिरलं. त्यानं झारी उचलली अन् सारं दूध रस्त्यावर उपडं केलं.

रडणं वाढलं. जवळ आलं. ज्वारीच्या कडेलोक आलं.

झारी पुन्हा भरली. त्याच्या हातात. तळातून वर… वर… त्यानं पुन्हा उलटी केली. काडी विझली.

मागं कोनी उभं होतं.

पाह्यचं नाई. एवढं त्याले कळत होतं. जोडवे वाजले. एक पाऊल. मंग…

"सांडू नोको रे…"

बस. एवढंच. बाईचा आवाज. रागाचा असता तर बरं झालं असतं, देवीदास म्हणे. पण ते इनवणी करून राह्यली होती.

मागं न पाहता देवीदास बोलला, "घरी नेतो बाई. तुमाले घरीच घेऊन चाललो. सत्यवतीबाईनं बोलावलं हाये…"

झारी भरली. ह्या खेपेले त्यानं नाई सांडली. पेटी एका खांद्यावर, झारी छातीशी, असा चालला. मागून जोडवे. रडणं थांबलं होतं. त्याच्या जागी दुसरा आवाज. चुक… चुक… चुक…

झारी हलकी होत गेली.

अमरावतीच्या वेशीत आला तवा कुठं चंद्र वर आला. घरी पाह्यलं तर साऱ्या खोल्यांत दिवे. सत्यवतीले सांजपासूनच कळा सुरू झाल्या होत्या. सुईण पार्बताबाई बसूनच होती. देवीदासनं पहिलं काम काय केलं असन, तर झारी नेऊन देव्हाऱ्यात ठेवली अन् दाराआडून ओरडून सांगतलं, "बाई, आणली!" झारी आतून कोरडी ठण होती. अन् फटफटायच्या आधी लेकरानं टाहो फोडला. पोरगी. जितीजागती, हातपाय झाडून राह्यलेली. देवीदास ओसरीवर बसून ढसाढसा रडला. आपण शब्द पाळला, लेकरू वाचलं, असंच त्याले वाटलं. कोनालेही वाटलं असतं.

सकाळी सायेब आला. भगवंतरावानं सोयर लपवलं, झारी देव्हाऱ्यातून उचलली अन् तबकात मांडली. सायबानं किटलीचं झाकण उघडून पाह्यलं, वा वा म्हणे. मंग भगवंतरावानं आपल्या हातानं दूध घालाले झारी वाकवली. थेंब नाई. नोकरावर डाफरला. नोकर म्हणे, मालक, आताच काठोकाठ भरली होती. आतून भरून आणली. वाकवली. थेंब नाई. पुन्हा भरली. पुन्हा रिकामी. खाली तबकावर ओल नाई, झारीले भोक नाई. सायेब बिचारा काळा चहा पिऊन गेला, अन् रावसाहेबीही त्याच्यासंगंच गेली.

आत पार्बताबाई पोरीले पाजाले सत्यवतीच्या कुशीत देऊन राह्यली होती. पोरगी काई केल्या छातीले लागे ना. तोंड फिरवे. पार्बताबाईनं तिचं तोंड पुसाले पदर लावला, तर ओठाच्या कोपऱ्यातून दूध उतरून राह्यलं होतं.

तवापासून तेच. सत्यवतीची छाती दुधानं तटतटून जाये, ताप भरे, अन् पोरगी तिच्याकडं तोंड करे ना. रडतही नसे भुकेनं. अशी गुटगुटीत, की पाहणाऱ्यानं दृष्ट काढावी. भगवंतराव एकदा झारी इहिरीत टाकाले निघाला. सत्यवतीनं ते त्याच्या हातातून हिसकली अन् मांडीवर घेऊन बसली. कोनालेच हात लावू दिला नाई. मंग तिनं देवीदासले सांगतलं, पदर तोंडाले लावून, "भाऊ, लेकरू वाचलं. पण माहं नाई राह्यलं. मीच बोलावलं ना तिले घरी? आता जाय म्हणून कोन्या तोंडानं सांगू? ते गेली तर हे उपाशी मरन…"



दिवाळीच्या आदल्या रातीची गोष्ट. देवीदास ओसरीत झोपला होता. पहाटेले सत्यवतीनं त्याले हाक मारली. ते अंगणात बसून होती, दवात भिजलेली. मध्यरातीपासून तिथंच बसली होती म्हणे. तो चुक चुक आवाज तिले आता सहन होत नव्हता. खोलीत पोरगी एकटीच. दाराले बाहेरून कडी.

"भाऊ, तुमी पाह्या एकदा. मले सांगा, मी येडी झाली का."

त्यानं कडी काढली. कंदील धरला. गोधडीवर पोरगी निजलेली. तोंड भिंतीकडं. ओठ हालून राह्यलेले.

पोरगी अन् भिंत, ह्याच्या मंधात गोधडी दबलेली होती. खांद्यापासून गुडघ्यालोक… कुशीवर निजल्यावानी.

देवीदासनं वाकून तिथं हात ठेवला.

गरम होती.